हौसाबाईच्या पोटातली विहीर

कामरगावच्या बाजारात सगळ्या माळणी गोणपाट अंथरून बसत. हौसाबाईचंही गोणपाट अंथरलेलं असे, पण त्यावर वांगी बसत, बाई उभी. गिऱ्हाइकाला वांगं दाखवायला चार पावलं पुढं, शेजारणीची मेथी उलटीपालटी करून नाक मुरडायला दोन पावलं मागं, आणि मधेच रस्त्यानं जाणाऱ्या कोणाला तरी हाक. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो सांगायचा म्हणे, की लग्नात हिला पाटावर टिकवून धरायला दोघी बायका लागल्या होत्या. खरं-खोटं तोच जाणे. पण धनजच्या वाटेवर नाल्याकाठी तिचा जो मळा होता, त्यात तिला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, हे मात्र लोक शपथेवर सांगत.

आमचा मुलूख नुकताच मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला होता. एवढं मोठं राज्य जागा बदलून निवांत झालं, हौसाबाई काही झाली नाही. उलट त्या वर्षी तिची घालमेल वाढली. मोटेचं पाणी पाटात पडलं की आधी तिचा लोटा भरायचा. वांग्यांना एक पाळी मिळेस्तोवर हिच्या दोन होत. अंगावरची चोळी सैल पडली. पायात बाभळीचा काटा मोडला, तो निघाला, पण जखम काही भरेना. हळद भरली, चुना लावला, शेवटी जखमेला शिव्या दिल्या. जखम तशीच.

निदान केलं ते मुंग्यांनी. मळ्यात ती बसे अशी एकच जागा होती, बांधापलीकडची, आणि नेमकी तिथंच मुंग्यांची रांग लागायला लागली. शेजारच्या वावरातला जगदेव ऊस लावायचा आणि हिवाळाभर रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळ चालवायचा. त्यानं ती रांग पाहिली आणि बाजारातून येताना चारचौघांत विचारलं, वयनी, तुह्या बांधावर मी गुळाची भेली विसरलो काय. हौसाबाईनं त्याला तिथल्या तिथं त्याच्या बापापर्यंत नेऊन आणलं. पण दुसऱ्या दिवशी ती कामरगावच्या दवाखान्यात गेली. कंपाउंडरनं तिचं पाणी निळ्या औषधात घालून दिव्यावर उकळलं. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि शेवटी पक्क्या विटेसारखं लाल होऊन थांबलं. हौसाबाई म्हणाली की मिरचीही याच रस्त्यानं पिकते, यात घाबरायचं काय. कंपाउंडर म्हणाला, मधुमेह.

तिचा मुलगा भगवंतराव अकोल्याला एका जिनात वजनकाट्यावर होता. कापूस तोलायचं काम, त्यामुळं बोलणंही तोलून. त्याला कळलं तसा तो सर्व्हिसमोटारीनं आला आणि त्यानं आईला सगळं नीट मांडून सांगितलं. या रोगाला रोज सकाळी सुई घ्यावी लागते. सुई अकोल्याला मिळते, तिथं ती टोचणारा माणूसही जवळच राहतो. तेव्हा मायनं आता अकोल्याला चलावं आणि मळा जगदेवला बटईनं, अर्ध्या वाट्यानं, द्यावा. त्याची खोली दीड होती, नळ सहा घरांत एक, आणि अंगण एवढं, की तुळशीलासुद्धा पाळीपाळीनं ऊन मिळायचं. हौसाबाई एकदाच तिथं चार दिवस राहून आली होती. चौथ्या दिवशी तिनं साऱ्या चाळीची तूर निवडून संपवली होती आणि पाचव्या दिवसासाठी काहीच उरलं नाही म्हणून ती परत आली होती. मुलगा चांगला, सून अंजना, आता दोन जीवांची, तर त्याहून चांगली. पण अकोल्याला जाऊन करायचं काय, या प्रश्नापाशी तिचं डोकं येऊन थांबायचं आणि पाय चालायला लागायचे. वाफ्यांतून, बांधावरून, विहिरीभोवती. भगवंतरावानं तिला तो मांडलेला सगळा विचार तिच्या मागंमागं चालतच सांगितला.

सुईशिवाय काही होतं का, एवढंच तिला पाहायचं होतं. आणि तेवढ्यात नागपूरचा डॉक्टर उगवला.

डॉक्टर पिंपळखुटे तरुण होता, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि कोणाला साखर झाली म्हटलं की चेहरा एकदम उजळायचा. दर पंधरवड्याला तो कामरगावच्या धर्मशाळेच्या ओसरीवर टेबल टाकून बसे, दवाखान्यातला कंपाउंडर मदतीला. त्याचं संशोधन चाललं होतं. नागपुरात गादीवर बसून लोडाला टेकणाऱ्यांना हा रोग होतो ते ठीक, पण दिवसभर वावरात राबणाऱ्या, ज्वारीची भाकर खाणाऱ्या माणसाला झाला तर त्याच्या पोटात नेमकं काय बिघडतं, हे त्याला शोधायचं होतं. त्यानं हौसाबाईला समजावून सांगितलं. पोटाच्या मागं एक ग्रंथी असते, तिच्यातून इन्शुलिन नावाचा रस सुटतो. खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन रक्तात येते, आणि हा रस ती साखर रक्तातून उचलून हातापायांच्या कामाला लावतो. रसाचं काम बिघडलं की साखर रक्तात नुसती भटकते आणि शेवटी मुंग्यांच्या कामाला येते.

"म्हणजे माह्यी इहीर आटली म्हणता?" हौसाबाईनं विचारलं.

डॉक्टरला हा दाखला इतका आवडला, की पुढं तो नागपुरात आपल्या साहेबांपुढंही वापरायचा. तो म्हणाला, "तेच तर बघायचं आहे, बाई. कोणाची विहीर खरंच आटलेली असते. कोणाच्या विहिरीत पाणी असतं, पण मोट वेळेवर वर येत नाही, नाहीतर पाटातच झिरपून जातं. वाळलेली वांगी मात्र दोघांची सारखीच दिसतात."

त्याच्याजवळ एक नवी गोळी होती. सात समुद्रांपलीकडून आलेली, पांढरी, बोराच्या बी एवढी. ती विहीर भरत नाही, म्हणाला, ती फक्त बैलांना हाकारते. ज्याच्या पोटात थोडाफार रस शिल्लक आहे, त्याचा तो रस गोळीनं बाहेर पडतो आणि साखर उतरते. अशा माणसाला सुई लागत नाही.

"बैल हाकलून काय होते," हौसाबाई म्हणाली, "इहिरीत पानी पायजे न."

म्हणून तर परीक्षा. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. सकाळी उपाशी यायचं, रक्त द्यायचं, गोळी घ्यायची, आणि मग जागेवर बसून राहायचं. मधून मधून रक्त काढणार. साखर उतरली तर गोळी. नाही उतरली तर सुई, म्हणजे अकोला. आतला रस सरळ मोजायची सोय त्याच्याजवळ नव्हती, साखरेच्या चढउतारावरूनच अंदाज घ्यायचा होता. हौसाबाईला सगळं पटलं, फक्त ते बसून राहायचं सोडून.

ठरल्या सकाळी ती दिवस उगवायच्या आत निघाली. थंडी मुरलेली, पोट रिकामं, डोक्यात गाडीच्या चाकासारखं एकच फिरत होतं: पानी हाय का नाई, हाय का नाई. कामरगावच्या अलीकडं जगदेवचं गुऱ्हाळ लागलं. चरक करकरत होता, कढईखाली चिपाडं पेटली होती. आता आमच्याकडं रीत अशी, की पेटल्या गुऱ्हाळावरून माणूस कोरड्या तोंडानं जात नाही. जाऊ दिलं तर कढईतलं आधण रुसतं, गूळ धरत नाही, काकवीच होऊन बसते. मग ती वाट चुकलेली गाय असो की तहसीलदार असो, गुऱ्हाळवाला तोंड ओलं करूनच सोडतो. जगदेवनं लोटा पुढं केला. हौसाबाईनं चालता चालता अर्धा लोटा रस पोटात घातला, लोटा चरकाच्या खांबावर टेकवला आणि पुढं गेली. यात काही खाल्लंप्यायलं असं तिच्या मनालाही शिवलं नाही. ते जगदेवच्या कढईचं देणं होतं, तिचं खाणं नव्हतं.

धर्मशाळेत डॉक्टरनं विचारलं, उपाशी आहात ना. ती म्हणाली, कालच्यापासून. आणि ती खरंच बोलत होती.

पुढचा वेळ कंपाउंडरला सांगायला जन्मभर पुरला. बाई बाकावर टेकायची आणि उठायची. ओसरी झाडून झाली. धर्मशाळेच्या म्हाताऱ्या राखणदारणीचं धान्य पाखडून झालं. रक्त काढायची वेळ झाली की कंपाउंडर काचेची पिचकारी हातात घेऊन तिला शोधत फिरायचा. एकदा ती त्याला मागच्या विहिरीवर सापडली, तिथं ती कोणाला तरी पोहऱ्याची गाठ चुकीची आहे म्हणून सांगत होती. डॉक्टर म्हणाला, बसा, नाहीतर हिशेब चुकेल. ती म्हणाली की बसली तर तीच चुकेल.

रक्ताच्या बाटल्या नागपूरला गेल्या, निकाल पुढच्या पंधरवड्याला. ते दिवस मळ्याला अवघड गेले. तिनं निंदलेलं पुन्हा निंदलं. कांद्याचं रोप लावलं, उपटलं, दुसऱ्या वाफ्यात लावलं. मध्येच जगदेवकडं जाऊन बटईचं बोलून आली आणि संध्याकाळी परत जाऊन ते मोडून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलून आली. जगदेव म्हणाला, वयनी, तुह्यी बटई हाय का शिवाशिवीचा खेळ हाय. रात्री ती उठून विहिरीच्या काठावर उभी राहायची आणि वाकून पाहायची. पाणी दिसायचं नाही, अंधार दिसायचा, आणि आपल्या आतही असंच वाकून पाहता आलं असतं तर, असं तिला वाटायचं.

निकालाच्या दिवशी भगवंतराव अकोल्याहून आला. डॉक्टरनं कागद पाहिला, भिंगं पुसली, पुन्हा पाहिला. गोळीनंतर साखर उतरायला हवी होती, ती आधी चढली, आणि मग उतरून जिथून निघाली होती तिथंच येऊन थांबली. त्याला जरा नवल वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर जरा आनंदही. गोळीनं साखर चढणारी बाई जगात पहिलीच असावी, असं त्यानं साहेबांना कळवूनही टाकलं होतं. पण बाईपुरता अर्थ एकच निघत होता. विहिरीत पाणी नाही. सुई घ्यावी लागेल.

हौसाबाईनं मान हलवली. ती पहिल्यांदाच बाकावर टेकून राहिली. ते पाहून भगवंतराव घाबरला. त्यानं तिला उठवलं, चल माय म्हणाला, आणि दोघं मळ्याच्या वाटेला लागली. तो वाटभर बोलत होता. अंजनानं कोपरा मोकळा केलाय, खाट आणलीय, नळावर नंबर लावायचं काम तुझ्याकडं देऊ, तेवढीच तुझी चाल होईल. तो मनापासून बोलत होता. ती ऐकत नव्हती.

गुऱ्हाळावर जगदेवनं दोघांना अडवलं. दोन लोटे आले. भगवंतरावानं आपला घेतला आणि आईच्या हाताकडं पाहिलं.

"माय, तुले साखर बंद हाय न. हे काहून पिऊन राह्यली?"

"हे कुठं साखर हाय? हा त रस हाय."

"रसाचीच साखर होते व माय."

"होत असन. पन मी काय माह्यासाठी पेतो? आधन जगदेवचं हाय."

भगवंतरावानं लोटा खाली ठेवला. काट्यावर बसणारा माणूस तो, कापसाच्या बोंद्र्यात, गाठोड्यात, कोणी दगड घातला तर त्याला वरून कळायचं. त्यानं हळूच विचारलं, की त्या दिवशी, परीक्षेला जाताना, भट्टी पेटली होती का. जगदेवच पुढं होऊन म्हणाला, पेटली होती म्हणजे, वयनीच त पह्यली गिऱ्हाईक होती त्या दिवशीची.

मग भगवंतराव पायानं चिपाडं सरकवत राहिला आणि कान चोळायला लागला. हौसाबाईनं त्याला पाळण्यापासून पाहिलेलं. पोरगा कान चोळायला लागला, की त्याच्या तोंडात काहीतरी आहे आणि ते त्याला बाहेर काढायचं नाही. लहानपणी असायची कैरी. आज काय होतं ते तिला समजेना, पण कैरीपेक्षा मोठं होतं. त्या गप्प राहण्यात एक आणलेली खाट होती, मोकळा केलेला कोपरा होता, दर महिन्याला मोटारीत बसून जीव मुठीत धरून यायचं टळणार होतं.

"भगवंता," ती म्हणाली, "रसानं थे परीक्षा बिघडते काय?"

त्यानं कान चोळायचं थांबवलं.

"बिघडते, माय."

पुढचं ऐकायला ती तिथं नव्हतीच. लुगड्याचा काष्टा वर खोचून ती कामरगावाकडं सुटली. दुखरा पाय आधी लंगडला, मग लंगडायचं विसरला. मागून भगवंतराव ओरडत होता, की माय, हळू, डाक्तर काही पळून नाही चालला. पण डॉक्टर पळूनच चालला होता. नागपूरची मोटार उभी होती, बाटल्यांची पेटी टपावर चढली होती, आणि त्याचा एक पाय आत होता. हौसाबाईनं त्याचा दुसरा पाय धरला. पाया पडायला नव्हे, थांबवायला.

रसाची गोष्ट ऐकून डॉक्टरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जगातली पहिली बाई त्याच्या डोळ्यांदेखत गुऱ्हाळाच्या अर्ध्या लोट्यात विरघळली. तो चिडला. म्हणाला, मी विचारलं होतं ना, उपाशी आहात का. ती म्हणाली, उपाशीच होती, डाक्तरसायेब, थ्या कढईले इचारा. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. डॉक्टरनं पाय आत घेतला आणि दारातून सांगितलं, की पुढच्या खेपेला पुन्हा परीक्षा, शेवटची. या वेळी रस नाही, ऊस नाही, कोणाच्या कढईचं देणंघेणं नाही. चुकलं तर नाव काढून टाकीन. मोटार हलली तेव्हा तो साहेबांना आता काय कळवायचं याच्या विचारात दिसला.

आता प्रश्न गुऱ्हाळाचा. कामरगावला जायला वाट तीच, आणि जगदेव रीत मोडायला तयार नाही. हौसाबाई रोज जाऊन त्याच्याशी भांडत होती. तो म्हणे, तू कोरडी गेली त माह्यं आधन जाते. ती म्हणे, मी ओली गेली त माह्या मळा जाते. तो म्हणे, नाल्यातून जाय. ती एका पहाटे नाल्यातून जाऊनही पाहून आली. गुडघाभर गार पाणी, दुखऱ्या पायाला गोटे टोचले, आणि आल्यावर अंगात कणकण. जगदेवच्या बायकोनं, हिरीबाईनं, ते पाहिलं आणि ती नवऱ्याशी काय बोलली ते कळलं नाही. परीक्षेच्या सकाळी हौसाबाई गुऱ्हाळापाशी आली तेव्हा भट्टी थंड होती, चरक उभा होता, आणि कापलेला ऊस तसाच पडून वाळत होता. जगदेव घोंगडी पांघरून बाजेवर बसला होता.

"बैल थकले," तो म्हणाला. "माह्याकडं काय पाह्यतं? जाय."

बैल शेजारी कडबा खात होते आणि चांगले ताजेतवाने होते. हौसाबाई पुढं गेली.

या वेळी ती बाकावर बसली. हात मांडीखाली दाबून बसली. पिचकारी आली, गोळी आली, पुन्हा पिचकारी आली. थोड्या वेळानं तिच्या हातांना कापरं भरलं, कपाळावर घाम आला. तिला वाटलं बसण्यानंच मरण येतंय. कंपाउंडरनं डॉक्टरला बोलावलं, आणि डॉक्टर घाबरण्याऐवजी नाडी धरून मान डोलवायला लागला. शेवटचं रक्त काढून होताच त्यानं तिला अर्धी भाकर खायला लावली. काही सांगितलं मात्र नाही. अंदाज सांगायचं त्यानं आता सोडलं होतं.

आणखी एक पंधरवडा. त्याबद्दल एवढंच, की मळ्यातलं एकही रोप एका जागी राहिलं नाही.

भगवंतराव पुन्हा आला. डॉक्टरनं कागद टेबलावर सरळ केला. साखर उतरली होती. फार नाही, पण उतरली होती, आणि उतरूनच राहिली होती.

"पाणी आहे, बाई," तो म्हणाला. "भरपूर नाही. पण गोळीनं वर येतं."

मग अटी. गोळी रोज, वेळेवर. गूळ, रस, साखर बंद, भाकरी मोजून, पायाच्या जखमेवर रोज पट्टी, आणि दर खेपेला इथं येऊन रक्त. पट्टीचं ऐकून हौसाबाईनं तोंड वाकडं केलं, बाकी सगळ्याला हो म्हणाली. विचारलं ते भगवंतरावानं, की हे किती दिवस चालेल. पाणी असं किती दिवस पुरतं?

डॉक्टरनं भिंगं काढली. "हे अजून कोणालाच ठाऊक नाही," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं ही गोळी घेतलेला माणूसच जगात नाही. कोणाची विहीर दोन वर्षांत आटेल, कोणाची वीस वर्षं पुरेल. ते शोधायलाच तर येतो मी."

हौसाबाईला वाटलं होतं की आज आतली भुणभुण थांबेल. ती थांबली नाही. तिनं फक्त जागा बदलली. आजवर ती विचारत होती, हाय का नाई. आता विचारायला लागली, कवापर्यंत. पण मळ्यात उभं राहूनही हे विचारता येत होतं.

मोटारीच्या थांब्यावर भगवंतराव पिशवी घेऊन उभा राहिला. पिशवीत तिनं वांगी कोंबली होती, वरून मेथी. तो म्हणाला, अंजनानं तुझ्यासाठी ती खाट नव्यानं विणून घेतली होती. एवढं म्हणून तो रस्त्याकडं पाहत राहिला. हौसाबाईनं पिशवीचं तोंड बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं.

"खाट मोडू नको," ती म्हणाली. "अंजनाचे दिवस भरले की मी येतो. चार दिवस राह्यतो."

"आन त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर इहीर आटली त मीच मोटारीत बसून येतो. मले न्यायले तू येऊ नको."

तेवढ्यात मोटार आली. भगवंतरावाला खिडकीजवळची जागा मिळाली. त्यानं हात दाखवायला बाहेर डोकं काढलं, तेव्हा थांब्यावर दुसरीच माणसं उभी होती. त्याची माय धनजच्या वाटेवर बरीच पुढं गेलेली होती, कारण ऊन चढत होतं आणि वांग्यांना सकाळपासून पाणी नव्हतं.